पाच लिटर दुधाचं चीज

मैत्रिणींनो, दूध नासलं की आपल्या पोटात कसं धस्स होतं, नाही? पातेल्यात फुटकं दूध दिसलं की सकाळी सकाळीच मन खट्टू होतं. मग मी जर तुम्हांला सांगितलं की, एका दिवशी मी जाणूनबुजून पाच लिटर दूध फाडलं, रात्रभर दगडाखाली दाबून ठेवलं आणि सकाळी ते सगळंच्या सगळं उकिरड्यावर टाकलं, तर तुम्ही मला काय म्हणाल? जे म्हणाल ते आमच्या सासूबाई मनातल्या मनात म्हणाल्याच असतील. तोंडाने मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

झालं असं. आम्ही राहतो पोंभुर्ण्याला, चंद्रपूर जिल्ह्यात. धानाची शेती, बाजूला बांबूचं जंगल आणि तालुक्याचं गाव म्हणून थोडीफार बाजारपेठ. मी दुपारी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. घरी सासूबाईंच्या दोन गाई आहेत. गाईंचं सगळं त्याच बघतात आणि दुधाचा पैसाही त्यांचा स्वतःचा. घरात कुणी त्याला हात लावत नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात दूध नेणारी गाडी लागोपाठ दोन दिवस आलीच नाही. दह्याचं भांडं भरलं, साय साठली, खवा झाला, शेजारीपाजारी वाटून झालं, तरी पाच लिटर दूध शिल्लक! मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "मला द्या, मी चीज करते." दुकानातून चीजचे चौकोनी तुकडे आणले की मुलं दोन दिवसांत फस्त करतात. आपण घरीच केलं तर काय बिघडलं, असा माझा विचार.

बिघडलं ते सगळंच! रेनेटची बाटली मी आधीच नागपूरहून मागवून ठेवली होती. दूध नेहमीप्रमाणे चांगलं खळखळून उकळलं, निववलं, त्यात रेनेट घातलं. ते धड लागेचना. दह्यासारखं लिबलिबीत काहीतरी झालं. ते फडक्यात बांधलं आणि पाणी लवकर निघावं म्हणून वर सरळ आमचा जुना दगडी पाटाच ठेवला. सकाळी उघडून बघते तो बाहेरून टणक गोळा आणि आतून पचपचीत, आंबूस वासाचा! मी माझ्या मानधनातून तीनशे रुपये काढून सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी ते मोजून कनवटीला लावले. मला वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं. त्यांच्या दुधाचा हिशेब तो हिशेब.

पण चूक कुठे झाली ते शोधल्याशिवाय मला चैन पडेना. ते शोधताना जे कळलं, ते आज तुम्हांला सांगते, म्हणजे तुमचं दूध तरी वाया जायला नको.

पनीर वेगळं, चीज वेगळं

पनीर आपण लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड घालून करतो. म्हणजे आंबटपणाने दूध फाडतो. त्यासाठी दूध चांगलं तापलेलंच हवं. चीज मात्र रेनेटने लागतं. रेनेट हा एक पाचक पदार्थ आहे. तो दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनावर काम करतो आणि दूध आंबट न होता घट्ट, कवडी दह्यासारखं लागतं. आता माझी पहिली चूक ऐका. दूध खळखळून उकळलं की त्यातली दुसरी प्रथिनं केसीनला जाऊन चिकटतात. मग रेनेटचं काम नीट होत नाही आणि गोळा लिबलिबीत राहतो. आपण जन्मभर 'दूध नीट उकळा' हे शिकलेल्या. इथे नेमकं तेच आडवं आलं!

म्हणून कच्चं दूध वापरायचं का? मुळीच नाही. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. लहान मुलं नि गरोदर बायकांना तर त्याचा धोका फारच. मधला मार्ग असा: दूध ६३ अंशांपर्यंत तापवायचं, तेवढ्याच उष्णतेवर ३० मिनिटं धरायचं आणि लगेच निववायचं. जंतू मरतात आणि चीजही लागतं. यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर मात्र हवाच. इथे बोट बुडवून अंदाज घेणं चालत नाही.

सासूबाईंचा प्रश्न

दुसऱ्यांदा करायचं ठरवलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "या बाटलीत हाये तरी काय?" त्या माळकरी आहेत. प्रश्न अगदी रास्त होता. मी खरं तेच सांगितलं. पूर्वी रेनेट वासराच्या पोटातल्या आवरणापासून काढत आणि परदेशात अजूनही पुष्कळ ठिकाणी तसंच काढतात. पण आता बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांपासून तयार केलेलं रेनेटही मिळतं आणि ते शाकाहारी असतं. बाटलीवर हिरवा ठिपका आहे ना, आणि 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन' असं लिहिलंय ना, तेवढं बघून घ्यायचं. मी बाटली त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी ठिपका बघितला, मगच दूध दिलं. तुमच्याही घरी कुणी विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका, नीट उत्तर द्या.

वनस्पतीचंही रेनेट आहे बरं का. काष्ठौषधींच्या दुकानात 'पनीर डोडा' किंवा 'पनीर फूल' म्हणून जी सुकलेली फळं मिळतात, त्यांनी दूध लागतं आणि सिंध-पंजाबकडे पूर्वी ती त्यासाठी वापरत. पण त्याने चीजला कडवटपणा येतो, आणि किती घालावं याचा अंदाजही लागत नाही. नवख्या हाताने त्याच्या वाटेला जाऊ नये.

टोपलीतलं पनीर

चीज म्हणजे साहेबांचं खाणं असं आपल्याला वाटतं. पण रेनेटने लावलेलं पनीर आपल्याकडेही जुनंच आहे. सुरतेचे आणि मुंबईचे पारशी लोक 'टोपली नु पनीर' करतात. वेताच्या इवल्याशा टोपल्यांत लागलेलं दूध घालतात, पाणी आपसूक निथळतं आणि टोपलीची नक्षी उमटलेलं मऊ, खारट पनीर तयार होतं. ते निवळीतच ठेवतात. त्याला दाब अजिबात देत नाहीत, त्याचं स्वतःचं वजन पुरतं.

हे वाचलं आणि मला आमच्या बुरडांच्या टोपल्या आठवल्या. आमच्या भागात बांबूला काय तोटा? चंद्रपूरजवळ चिचपल्लीला तर बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रच आहे. मी बाजारातून ओंजळीएवढ्या दोन टोपल्या विणून घेतल्या. रंग नको, पॉलिश नको असं बजावून सांगितलं. वापरण्याआधी त्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या, वापरून झाल्या की पुन्हा उकळून कडक उन्हात वाळवायच्या. ओल राहिली तर बुरी धरते. आत पातळ मलमल घातली की झालं. दोन लिटर दुधात माझी ही दुसरी खेप पार पडली आणि पाणी निघायला जोर लागत नाही, वेळ लागतो, हे पहिल्यांदा कळलं.

दाबयंत्र घरच्या घरी

निथळलेलं पनीर दोन दिवसांत संपवावं लागतं. सुरीने कापता येईल असं घट्ट चीज हवं तर दाब द्यावाच लागतो. पण कसा? माझी दुसरी चूक इथे झाली होती. सुरुवातीलाच दहा-पंधरा किलोचा दगड ठेवला की बाहेरचा थर लगेच मिटतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. ते रात्रभर आंबतं. म्हणजे पाणी काढायला म्हणून दिलेल्या जोरानेच पाणी आत अडकतं! दाब आधी हलका, मग मधला आणि शेवटी जड, असा चढता हवा.

विकतची चीजची दाबयंत्रं महाग असतात. त्यांची गरज नाही. आमच्याकडचं यंत्र असं आहे:

साचा म्हणजे चार-साडेचार इंच रुंदीचा स्टीलचा उभा डबा. त्याच्या बुडाला आणि बाजूंना बारीक भोकं पाडून घ्यायची. भोकं आतून बाहेर पाडायची, म्हणजे धारदार कडा बाहेर राहतात, त्या कानसीने घासून घ्यायच्या. डब्यात सैलसर बसेल अशी एक लाकडी चकती, बिनरंगाची. खाली परात.

वजनासाठी दगड शोधत बसू नका. पाण्याच्या बाटल्या घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब अगदी चोख. पण दहा बाटल्या एकावर एक काही राहत नाहीत, धडाधड कोसळतात (आमच्याकडे मध्यरात्री कोसळल्या, हे चोर चोर म्हणून उठले!). म्हणून आमच्या सुतारदादांकडून दांड्याचं यंत्र करून घेतलं. एका पाटाला उभा खुंट, खुंटाला बिजागरीने अडकवलेला आडवा दांडा. बिजागरीपासून वीतभर अंतरावर दांड्याखाली साचा येतो. तीन वितींवर, म्हणजे शेंड्याला, बाटल्या टांगायच्या. अंतर तिप्पट म्हणून दाबही तिप्पट. तीन बाटल्या टांगल्या की साच्यावर नऊ किलोंचा दाब येतो. दांड्याचं वजन आहे ते निराळंच. मी हे समजावून सांगत होते तर सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे सरोताच की वो!" अगदी बरोबर. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ ठेवतो आणि हात लांब टोकाला धरतो, तेच हे.

साहित्य

गाईचं दूध ५ लिटर, ताजं गोड दही २ मोठे चमचे, रेनेट बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, उकळून गार केलेलं पाणी पाव कप, बारीक मीठ २ चहाचे चमचे. पिशवीचं दूध असेल तर खाण्याचं कॅल्शियम क्लोराइड पाव चमचा पाण्यात विरघळवून घालावं, त्याने गोळा घट्ट होतो. महिनोन् महिने टिकणारं खोक्यातलं दूध मात्र घेऊ नये, ते फार तापवलेलं असतं.

कृती

१. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं धरून ३२ अंशांपर्यंत निववा. दही फेटून घाला, ढवळा आणि पाऊण तास झाकून ठेवा.

२. रेनेट पाव कप पाण्यात मिसळून दुधात घाला. अर्धा मिनिट अलगद ढवळा आणि मग पाऊण तास पातेल्याला अजिबात धक्का लावू नका. मुलांनाही सांगून ठेवा.

३. सुरीचं टोक तिरकं घालून वर उचला. फट स्वच्छ पडली आणि तिच्यात पिवळट-हिरवी निवळी दिसली की लागलं समजा. नसेल तर आणखी दहा मिनिटं थांबा.

४. लांब सुरीने उभे-आडवे काप देऊन एक सेंटिमीटरचे चौकोन करा. पाच मिनिटं तसंच ठेवा.

५. पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवून अर्ध्या तासात हळूहळू ३८ अंशांपर्यंत आणा. हलक्या हाताने ढवळत राहा. तुकडे लहान आणि घट्ट होतात.

६. निवळी गाळून बाजूला काढा. तुकड्यांत मीठ मिसळा. मलमल घातलेल्या साच्यात भरा आणि फडक्याचं टोक वर दुमडून घ्या.

७. आता दाब. आधी २ किलो, १५ मिनिटं. काढा, उलटा, फडकं नीट करा. मग ५ किलो, अर्धा तास. पुन्हा उलटा. मग ९-१० किलो, रात्रभर, म्हणजे दहा-बारा तास.

फडक्याला सुरकुती राहिली तर तिची खूण चीजवर उमटते आणि तिथेच पुढे बुरी धरते. म्हणून दर वेळी उलटताना फडकं ताणून घ्यायला विसरू नका. पाच लिटरचं साधारण अर्धा किलो चीज होतं.

याच यंत्रावर पनीरही छान होतं. दोन लिटर दूध उकळी येईपर्यंत तापवून थोडं निवू द्या, एक सपाट चमचा सायट्रिक अ‍ॅसिड कपभर गरम पाण्यात विरघळवून हळूहळू घाला, गाळा, ३ किलोंचा दाब अर्धा तास द्या आणि मग वडी दोन तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. कापताना भुगा होत नाही.

आमच्या हवेचा विचार

परदेशी पुस्तकात लिहिलेलं असतं की चीज महिनोन् महिने मुरवा. त्याला बारा अंशांच्या आसपास गारवा आणि दमट हवा लागते. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. इथे कुठलं तळघर नि कुठलं मुरवणं! साधा फ्रिज जास्त थंड आणि कोरडा असतो, त्यात चीज मुरण्याऐवजी सुकतं. म्हणून हे चीज ताजंच खायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, आठवडाभरात संपवायचं. आणि करायचं तेही थंडीत, मार्गशीर्ष ते माघ. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर दाबून ठेवलं तर सकाळी आंबलंच समजा. थंडीतसुद्धा निळीहिरवी बुरी, घाण वास, फुगवटा किंवा चिकटपणा दिसला तर मोह न धरता टाकून द्या. मी टाकलं तसं!

निवळी फेकू नका

पाच लिटर दुधातून चार लिटरच्या वर निवळी निघते. मी ती मोरीत ओतायला निघाले तेव्हा सासूबाईंनी हात धरला, "दूध नासलं तं नासलं, पानी कायले फेकतेस?" मीठ घालण्यापूर्वी काढलेली ही निवळी कणीक भिजवायला, कढीला, वरणाला फार चांगली. उरलेली गाईंच्या ढेपेत जाते.

आणि ऐका, नॉर्वे देशात ही निवळी साय-दूध घालून तासन् तास आटवतात आणि त्याचं तपकिरी, खव्यासारखं गोडसर चीज करतात. त्याला ब्रुनोस्ट म्हणतात. मुंबईच्या मौसम नारंग या बाईंनी नोकरी सांभाळून घरच्या स्वयंपाकघरात चीज करून बघायला सुरुवात केली आणि पुढे 'एलेफ्थेरिया' नावाने व्यवसाय उभा केला. त्यांच्या ब्रुनोस्टला २०२१ साली स्पेनमध्ये झालेल्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळालं. जी निवळी आपण मोरीत ओततो, तिचं पदक!

परवडतं का?

आता खरा प्रश्न. पाच लिटर दुधाचे तीनशे रुपये, गॅस, रेनेट आणि दिवसभराची अडकाअडक. हातात येतं अर्धा किलो. पैसे वाचवण्यासाठी म्हणून करणार असाल तर करू नका, असं मी स्पष्टच सांगेन. शिवाय दुकानातले चौकोनी तुकडे म्हणजे प्रक्रिया केलेलं चीज. तयार चीज वितळवून, त्यात विशिष्ट क्षार घालून ते एकजीव करतात. आपल्या घरच्या चीजची चव आणि वितळणं तसं नसतं, मुलांना आधी सांगून ठेवा.

मग करायचं कशाला? एक तर घरी गाई-म्हशी असतील आणि दूध अंगावर पडत असेल तेव्हा. आणि दुसरं, आपण काय खातो ते कळावं म्हणून. हल्ली पनीरसारखा दिसणारा, दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलेला माल स्वस्तात मिळतो. त्यावर 'अ‍ॅनालॉग' असं लिहिलेलं असायला हवं. सुटा घेतला तर ते कुठे दिसणार?

तर मैत्रिणींनो, पौषातल्या एका सकाळी आम्ही तिसऱ्या खेपेचा साचा उघडला. गोळा टणक, वर मलमलीची नक्षी, कापला तर आतून एकसारखा, पांढरा, कोरडा. भाकरी आणि लसणाच्या ठेच्याबरोबर सगळ्यांनी खाल्ला. सासूबाईंनी तुकडा तोंडात घोळवला आणि निकाल दिला, "बरं हाये. पन दह्याची सर नाही." या वेळच्या दुधाचे पैसे मी पुढे केले, ते मात्र त्यांनी निम्मेच घेतले. म्हणाल्या, "निम्मं तं मीच खाल्लं ना."

यंदा पुन्हा थंडी पडली की मी शाळेत असताना साचा उलटायचं काम त्यांच्याकडे राहील. मला वाटलं होतं की वेळा लिहून द्याव्या लागतील. पण परवाच त्या दांडा पुसून ठेवताना म्हणाल्या, "पहिली बाटली लावाची, पाणी गळू द्याचं, मंग दुसरी. घाई नाही कराची." तीनशे रुपये घालवून मी जे शिकले, ते त्यांना एका वाक्यात सांगता आलं!

तुम्हीही या हिवाळ्यात दोन लिटरपासून सुरुवात करून बघा. पहिल्याच खेपेला पाच लिटर घेऊ नका, आणि पाटा तर मुळीच ठेवू नका.